जुन्या ओपन गाडीचं छत उठत नाही तेव्हा

सोलापुरात ओपन गाडी दिसते ती बहुतेक वेळा वरातीत. त्यातल्या पुष्कळशा 'विंटेज' गाड्या जीपच्या चॅसिसवर नवा पत्रा ठोकून उभ्या केलेल्या असतात. त्यांना छतच नसतं, त्यामुळे ते बिघडायचा प्रश्नही येत नाही. पण अधूनमधून एखादी अस्सल अमेरिकन कन्व्हर्टिबल समोर येते. साठीच्या दशकातली, लांबलचक, डॅशबोर्डाखालचा खटका ओढला की मागच्या सीटमागून छत उठून पुढच्या काचेच्या चौकटीवर येऊन बसणारी. सगळा हिवाळा आणि लग्नसराई तिचं छत खालीच असतं. मग मे महिन्यात एका संध्याकाळी वळीव येतो, ड्रायव्हर घाईघाईने खटका ओढतो, आणि छत एक तर जागचं हलत नाही, नाहीतर अर्ध्यावर येऊन आभाळाकडे तोंड करून उभं राहतं.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला जाते आणि निदान ठरलेलं असतं: "पंप गेलाय." पंप इथे मिळत नाही. तो अमेरिकेतून मागवायचा म्हणजे किंमत, वाहतूक, कस्टम, वर महिनाभराची वाट. एवढं करून तो बसवला की बऱ्याचदा छत होतं तिथेच राहतं, कारण दोष असतो डिक्कीतल्या गंजलेल्या अर्थमध्ये, म्हणजे वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाते त्या जोडणीत, नाहीतर सुकलेल्या बिजागरीत. पंप खराब होतच नाही असं नाही. पण संशयितांच्या यादीत तो शेवटी यायला हवा, आणि आपल्याकडे नेमका पहिला येतो.

आता ही सगळी यंत्रणा आहे काय ते बघू.

ट्रॅक्टरची मुरूम टाकणारी हायड्रॉलिक ट्रॉली सोलापूर जिल्ह्यात कुणी पाहिली नाही असं होणार नाही. पंप तेल ढकलतो, तेल सिलिंडरमधला दांडा बाहेर रेटतो, ट्रॉलीचं तोंड वर होतं. गाडीच्या छताचं तत्त्व हेच. मागच्या सीटच्या पाठीमागे, किंवा काही गाड्यांत डिक्कीत, एक विजेची मोटर आडवी बसवलेली असते. तिला लागूनच छोटा पंप आणि तेलाची टाकी, तिन्ही मिळून एकच नग. तिथून रबराच्या नळ्या, म्हणजे होज, डाव्या-उजव्या बाजूच्या दोन सिलिंडरांकडे जातात. सिलिंडरचा दांडा छताच्या लोखंडी सांगाड्याला पिनेने जोडलेला असतो.

फरक एकच आहे, पण तो न कळल्यामुळे ट्रॉलीत तरबेज असलेला मिस्त्रीही इथे चकतो. ट्रॉलीचा सिलिंडर एका दिशेनेच ढकलतो. खाली यायचं काम ट्रॉली स्वतःच्या वजनाने करते. छताच्या सिलिंडरला मात्र दोन्ही टोकांना होज असतात. खालून तेल आलं की दांडा बाहेर, वरून आलं की आत. म्हणून दोन सिलिंडरांना मिळून चार जोडण्या. आणि तेलाची दिशा बदलायला वेगळा व्हॉल्व्ह-लिव्हर नसतो, मोटरच उलटी फिरते. मोटर एका दिशेने फिरली की छत वर, दुसऱ्या दिशेने फिरली की खाली. खटक्याचं काम मोटरची दिशा ठरवणं, एवढंच.

दाबाचाही फरक आहे. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये दीडशे-दोनशे बार दाब सहज असतो, छताला त्याच्या मानाने फारच थोडा लागतो. म्हणून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात होज बनवून घ्यायला गेलात, तर दुकानदार प्रेमाने तारेची जाळी असलेला जाडजूड होज पुढे करेल. तो फुटणार नाही हे खरं, पण वळणारही नाही. छत हलताना सिलिंडर स्वतःही थोडा कलतो, आणि त्याच्याबरोबर होजला मुरडावं लागतं. ताठ होज फिटिंगवर ताण आणतो आणि तिथूनच गळती सुरू होते.

थोडा इतिहास, कारण त्यावरून गाडी ओळखायला मदत होते. यंत्राने उघडमीट होणारं कापडी छत मोठ्या प्रमाणावर विकलं जाणाऱ्या गाडीत आणलं ते प्लिमथने, १९३९ साली. त्यात मोटर नव्हती. इंजिन हवा ओढतं त्या निर्वातावर दोन सिलिंडर चालायचे, म्हणजे इंजिन चालू असल्याशिवाय छत हलायचं नाही. युद्धानंतर विजेची मोटर आणि तेल ही जोडी रूढ झाली. फोर्डने १९५७ ते १९५९ या काळात 'स्कायलायनर' नावाची गाडी काढली. तिचं पत्र्याचं आख्खं छत डिक्कीत जाऊन बसायचं, आणि त्यासाठी गाडीत ६०० फुटांहून जास्त वायर होती. तिथे तेल नाहीच, सगळा कारभार मोटरी, स्क्रू आणि स्विचांचा. अशी गाडी तुमच्या दारात असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि चांगला वायरमन गाठा.

याच प्लिमथचा सोलापूरशी दूरचा संबंध आहे, तो सांगायचा मोह आवरत नाही. उद्योगपती वालचंद हिराचंद मूळचे इथले, जन्म सोलापूरचा, १८८२ चा. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि प्लिमथची मालक असलेल्या अमेरिकन क्रायस्लर कंपनीशी हात मिळवून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडायला सुरुवात केली. त्या बंद छताच्या, घरगुती गाड्या. तरी आजही जुन्या क्रायस्लर घराण्यातल्या गाडीवर हात बसलेला म्हातारा मिस्त्री भेटला, तर त्याचं शिक्षण त्याच परंपरेतलं असण्याची शक्यता बरीच.

आधी कान

पाना हातात घेण्याआधी एक साधी गोष्ट करा. इंजिन चालू ठेवा, पुढच्या काचेवरचे लॅच उघडे आहेत का बघा, छत खाली असेल तर त्यावर चढवलेलं आवरण आणि त्याची बटणं निघाली आहेत का बघा. एका माणसाला मागच्या सीटजवळ कान देऊन बसवा आणि खटका ओढा.

तो माणूस तीनपैकी एक गोष्ट सांगेल. काहीच आवाज नाही, किंवा एखादं 'टक्' एवढंच. किंवा मोटर फिरतेय, छान घुमतेय, पण छत हलत नाही. किंवा मोटर कण्हतेय, ओढतेय, छत मुंगीच्या पावलाने चाललंय किंवा मध्येच थांबलंय. पहिल्या प्रकारात दोष विजेचा. दुसऱ्यात तेलाचा किंवा पंपाचा. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा आहे, कारण कमी वीज, हवा शिरलेलं तेल आणि अडकलेला सांगाडा हे तिघंही तसाच आवाज काढतात.

दिव्यांकडेही लक्ष ठेवा. खटका ओढल्यावर हेडलाईट किंचित मंदावले, तर वीज मोटरपर्यंत पोहोचतेय आणि मोटर ती खातेय. दिवे जराही हलले नाहीत, तर वीज वाटेतच कुठेतरी तुटलीय. कसलंही उपकरण न लावता इतकी माहिती मिळते, आणि तरीही हे कुणी करत नाही.

इंजिन चालू ठेवायचं ते उगाच नाही. बंद गाडीची चांगली चार्ज असलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना चार्जिंग ठीक असेल तर १४ च्या आसपास. जुन्या वायरिंगला हा वाढीव दीड व्होल्ट म्हणजे फार मोठा आधार असतो. वरातीत गाडी तासन्‌तास पहिल्या गिअरमध्ये रांगते, वर डीजेवाल्याने आपल्या रोषणाईची वायर गाडीच्याच बॅटरीला जोडलेली. अशा बॅटरीकडून छत उचलायची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

वीज

मोटर अजिबात फिरत नसेल तर वाट बॅटरीपासून मोटरपर्यंत तपासायची. या वाटेवर फ्यूज असेलच असं नाही. बऱ्याच अमेरिकन गाड्यांत त्या जागी सर्किट ब्रेकर असतो, करंट जास्त झाला की तापून स्वतः तुटणारा आणि थंड झाला की स्वतः जुळणारा. म्हणून छत थोडं चालून थांबतं, मिनिटभराने परत चालतं, परत थांबतं, असं होत असेल तर भुताटकी नव्हे, ब्रेकर आपलं काम करतोय. त्याला बदलून मोठा बसवणं हा वाईट उपाय आहे. मोटर जास्त करंट का ओढतेय ते शोधा. जास्त ॲम्पियरचा ब्रेकर घातला की ब्रेकरऐवजी वायर तापते, आणि ती वायर गालिच्याखालून, सीटच्या काथ्याला लागून गेलेली असते.

नंतर खटका. जास्त करंट त्याच्यातूनच जात असल्याने त्याचे आतले पॉइंट जळतात. खटका गरम लागणं, वास येणं, एका बाजूला दाबून धरला तरच चालणं, या सगळ्या खुणा तिथल्याच. छत एकाच दिशेने चालत असेल तर लगेच खटक्यावर शिक्कामोर्तब करू नका. वर जायला खाली यायच्या मानाने जास्त जोर लागतो, म्हणून अशक्त मोटरही छत खाली आणेल आणि वर नेणार नाही. मोटर दोन्ही दिशांना फिरल्याचा आवाज येतो का, ते आधी ऐका. एका दिशेला मोटर मुकीच असेल, तर खटका किंवा त्या बाजूची वायर.

मोटरपाशी पोहोचलात की टेस्ट लॅम्प लावा. पण तो पेटला म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. टेस्ट लॅम्पच्या बल्बला नगण्य करंट लागतो. वायरीचा एकच केस शाबूत असला तरी तो लख्ख पेटतो. त्याच वायरीवर मोटरचा २५-३० ॲम्पियरचा भार आला की व्होल्टेज कोसळतं. खरं माप मल्टिमीटरचं, आणि तेही खटका ओढलेला असताना, मोटर जोडलेली असताना. बॅटरीवर १२.५ आणि त्याच क्षणी मोटरच्या टर्मिनलवर ९ दिसत असतील, तर साडेतीन व्होल्ट वाटेत गळताहेत. आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर ठेवून दुसरं एकेका जोडणीवर सरकवत न्या. जिथे आकडा एकदम उडी घेतो, तिथे गुन्हेगार.

हीच परीक्षा अर्थच्या बाजूने घ्या, आणि ती चुकवू नका. एक टोक मोटरच्या धातूच्या अंगावर, दुसरं बॅटरीच्या बॉडी अर्थच्या टोकावर, खटका ओढलेला. मीटरने अर्ध्या व्होल्टच्या आत दाखवायला हवं. जास्त दाखवलं तर अर्थ खराब. मोटरची अर्थ वायर मागच्या पत्र्याला एका स्क्रूने आवळलेली असते. पन्नास-साठ वर्षांत त्या पत्र्यावर दोन-तीनदा रंग चढलेला असतो, खाली गंज असतो, आणि छताखालून झिरपलेलं पाणी नेमकं तिथेच साचतं. स्क्रू काढा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, वायरीच्या टोकाला नवा लग, म्हणजे धातूचं कडं, लावा, आवळा, वर थोडं ग्रीस फासा. माझ्या समोर येणाऱ्या गाड्यांत याने सुटणारं दुखणं बाकी कुठल्याही दुरुस्तीपेक्षा जास्त आहे, आणि खर्च चहापाण्याइतका.

अजून संशय राहिला तर मोटरला बॅटरीवरून थेट जाड वायर लावून बघा, मध्ये फ्यूज घालून. थेट जोडल्यावर मोटर जोमाने फिरली की मोटर निर्दोष, दोष वायरिंगचा. थेट जोडूनही गप्प असेल तरच मोटर खोलायची. कार्बन ब्रश झिजलेले असतील तर मोटर वाइंडिंगवाले बसवून देतात. सोलापुरात मागांच्या आणि विहिरीच्या मोटरी भरणाऱ्यांची कमी नाही.

सहा व्होल्टच्या गाड्यांबद्दल दोन शब्द. १९५५-५६ च्या आधीच्या बहुतेक अमेरिकन गाड्या ६ व्होल्टवर चालतात. तेवढंच काम करायला ६ व्होल्टला दुप्पट करंट लागतो: ३०० वॉटच्या मोटरला १२ व्होल्टवर २५ ॲम्पियर, ६ व्होल्टवर ५०. म्हणून तिच्या वायरी जाड हव्यात आणि जोडण्या स्वच्छ. सहा व्होल्टची बॅटरी मिळत नाही म्हणून आपल्याकडे सर्रास १२ ची टाकतात. दिवे बदलले जातात, स्टार्टर सहन करतो, आणि छताची मोटर विसरली जाते. ती जोरात उठते, सांगाड्याला हिसका देते, आणि फार काळ टिकत नाही. शिवाय त्या काळच्या काही गाड्यांत, फोर्डमध्ये उदाहरणार्थ, बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. जुन्या मोटरीत वर आणि खाली या दिशांसाठी वेगवेगळी वाइंडिंग असतात, तिला प्लस-मायनसने दिशेचा फरक पडत नाही. नव्या, कायम चुंबकाच्या मोटरीची दिशा मात्र त्यावरच ठरते. अशी मोटर बसवल्यावर खटका वर ओढला आणि छत खाली दाबू लागलं, तर घाबरू नका, तिच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

तेल

मोटर छान फिरतेय आणि छत ढिम्म, तर टाकीतलं तेल बघा. टाकीला एक बूच असतं, बहुतेकदा बोटाने जेमतेम पोहोचेल अशा जागी. तेल बुचाच्या भोकाच्या किंचित खाली असायला हवं. पण छत वर असताना की खाली असताना मोजायचं, हे गाडीच्या मॅन्युअलात बघा आणि ते पाळा. दांडा सिलिंडरमध्ये आत असतो तेव्हा तो स्वतःच जागा अडवतो, म्हणून सिलिंडरमध्ये तेल कमी मावतं आणि टाकीत पातळी वर दिसते. दांडा बाहेर गेला की तितकं तेल सिलिंडर पितो आणि टाकीत पातळी उतरते. चुकीच्या स्थितीत काठोकाठ भरलेलं तेल नंतर सीटच्या गादीत शोधावं लागतं.

कुठलं तेल, हा मोठाच प्रश्न आहे, आणि इथे घाई नडते. साठीच्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत, म्हणजे शेव्हरोले, ब्यूक, कॅडिलॅक वगैरे, छताला ब्रेक ऑइल लागायचं. त्याच काळातल्या फोर्ड मस्टँगमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेल. दोघांची रबरी सीलं वेगळ्या जातीची असतात. ब्रेक ऑइलच्या सिलात गिअरच्या तेलासारखं खनिज तेल गेलं की सील फुगतं, मऊ पडतं, आणि दांडा आत रुतून बसतो किंवा दांड्याशेजारून तेल वाहू लागतं. उलट केलं तरी सीलं खराबच होतात. आणि आपल्याकडे एखादा 'तेल कमी आहे' म्हणून ट्रॅक्टरचं ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल ओततो. ते ऑटोमॅटिक गिअरच्या तेलापेक्षा बरंच दाट. छोट्या पंपाला ते ढकलताना घाम फुटतो.

मागच्या मालकाने काय घातलंय हे ठाऊक नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, टाकीतल्या तेलाचे काही थेंब सोडा. विरघळलं तर नेहमीचं ब्रेक ऑइल. वर तरंगलं आणि लालसर असेल तर गिअरचं तेल. जांभळट तवंग आला तर कुणीतरी सिलिकॉनचं ब्रेक ऑइल वापरलंय. रंगावर एकट्यावर विसंबू नका, जुनं ब्रेक ऑइल चहासारखं होतं आणि जुनं लाल तेलही तपकिरी पडतं. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे पंप आणि सिलिंडर आतून गंजतात. शिवाय गळलं तर रंग सोलून काढतं, म्हणून अनेक जण सगळी सीलं, होज आणि सिलिंडर नवे टाकून लाल तेलावर जातात. हा बदल करायचा तर पुरा करायचा. नुसतं तेल बदलून जुनी सीलं ठेवली तर महिन्या-दोन महिन्यांत पश्चात्ताप ठरलेला.

तेल कमी झालंय म्हणजे ते कुठेतरी गेलंय. मोटरचा नग, होजची टोकं आणि दोन्ही सिलिंडरांची बुडं यांच्याखाली पांढरा सोलापुरी टॉवेल पसरा आणि छत चार-सहा वेळा वर-खाली करा. डाग कुठे उमटतो ते टॉवेल सांगेल. सिलिंडरच्या दांड्यावर ओला पट्टा दिसला तर वरचं सील गेलंय. फिटिंगपाशी थेंब असेल तर आधी जोडणी तपासा. पितळी फिटिंगला पाना लावून पिळत बसलात तर धागा जाईल.

आणखी एक गळती असते, ती टॉवेलवर दिसत नाही. सिलिंडरच्या आतल्या पिस्टनचं सील गेलं की तेल एका बाजूने येतं आणि पिस्टनच्या कडेने दुसऱ्या बाजूला निसटतं. बाहेर थेंबही नाही, टाकी भरलेली, मोटर फिरतेय, छत मात्र निम्म्या जोराने. ओळखायचं असं: दोन्ही सिलिंडर सांगाड्यापासून सोडवा, संशय असलेल्याचा दांडा पूर्ण बाहेर येऊ द्या, त्याच्या वरच्या टोकाचा होज काढून त्या भोकाखाली भांडं धरा, सुटलेल्या होजचं तोंडही दुसऱ्या भांड्यात ठेवा, आणि दांडा बाहेर ढकलणाऱ्या दिशेलाच क्षणभर खटका ओढा. मोकळ्या भोकातून तेल येत राहिलं तर आतलं सील गेलेलं. एका बाजूचा सिलिंडर गेला तर दोन्ही बदला. नवा आणि थकलेला सिलिंडर जोडीने लावला की दोन्ही बाजू वेगवेगळ्या जोराने चालतात आणि सांगाडा पिळवटतो.

तेल भरल्यावर हवा काढावी लागते. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. म्हणून हवा राहिली की छत झटके देत चालतं आणि पंप खरखरतो. बूच काढून तिथे छोटी नळी बसवा, नळीचं दुसरं टोक तेलाने भरलेल्या बाटलीत बुडवा, आणि छत सावकाश वर-खाली करत राहा. बुडबुडे निघतात, लागेल तेवढं तेल आत खेचलं जातं. बुडबुडे थांबले आणि आवाज एकसुरी झाला की झालं. तेल फेसाळ दिसलं तर थोडा वेळ तसंच राहू द्या.

तेल बरोबर, हवा नाही, सीलं ठीक, मोटर फिरतेय, तरी होजला हात लावला तर धक्का जाणवत नाही? आता पंपाकडे वळायला हरकत नाही. तिथेही आधी मोटर आणि पंप यांच्यातला जोड बघा. तो झिजला किंवा तुटला की मोटर एकटीच फिरत बसते.

सांगाडा

मोटर कण्हत असेल, तर सगळ्यात उपयोगी तपासणी ही: दोन्ही सिलिंडरांच्या पिना काढा आणि छत हाताने उचलून बघा. दोन माणसं, दोन बाजू, एकाच लयीत. सांगाडा न अडखळता पुढे-मागे जायला हवा. हाताला जिथे अडतं तिथेच पंपालाही अडत होतं. दोन्हीकडच्या पिना काढायच्या, एका नव्हे. एका बाजूला सिलिंडर जोडलेला ठेवून खटका ओढला तर सांगाडा वाकलाच म्हणून समजा. आणि हे करताना बॅटरीची वायर सुटी ठेवा. सांगाड्याच्या कात्रीसारख्या पट्ट्यांत बोट सापडलं तर ते वाचवायला खटक्याजवळचा माणूस पुरेसा वेगाने धावत नाही.

अडण्याची कारणं बहुधा क्षुल्लक असतात. बिजागऱ्यांत धूळ आणि जुनं ग्रीस यांचा दगड झालेला. सोलापूरच्या धुळीत ग्रीस थापणं म्हणजे धुळीला आमंत्रण, हलकं तेल थेंबभर घालून पुसून घेतलेलं बरं. एखादी पट्टी पूर्वीच्या अपघातात वाकलेली. मागची प्लॅस्टिकची काच असलेल्या गाडीत छत खाली घेण्याआधी तिची चेन उघडायची राहिलेली. आणि छत जिथे दुमडून बसतं त्या खोबणीत वरातीतलं सामान: फेट्याचा तुकडा, फुलांच्या माळांची दोरी, बॅटरीच्या रोषणाईचा रिकामा डबा.

हाताने सांगाडा मोकळा फिरतो, पण पुढच्या काचेपासून दोन-तीन इंचांवर येऊन थांबतो? तर दोष यंत्राचा नाही, कापडाचा आहे. महिनोन्‌महिने दुमडलेलं विनाईल आखडतं आणि घड्या धरून बसतं. पंपाने त्याला ओढून बसवायचा प्रयत्न केला तर शिवण सुटते किंवा सांगाड्याची पट्टी वाकते. त्यापेक्षा सोलापूरच्या उन्हाचा फायदा घ्या. छत जमेल तितकं वर आणा, गाडी दोन-तीन तास उन्हात उभी करा, विनाईल गरम आणि मऊ झाल्यावर दोघांनी हाताने पुढची पट्टी ओढून लॅच लावा आणि काही दिवस तसंच राहू द्या. तरीही पुरत नसेल तर छत नव्याने शिवून घ्यावं लागेल. सीटकव्हरवाले आणि ताडपत्रीवाले दोघेही ते काम घेतात. जुनं छत न फाडता, शिवण उसवून, तुकडे नमुन्यासाठी त्यांच्या हाती द्या. आणि नवं कापड बसवल्यावर लगेच छत खाली घेऊ नका, ते सांगाड्यावर ताणून स्थिरावू द्या.

वरातीला गाडी देणाऱ्यांसाठी शेवटचं: २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हीए' मालिकेत विंटेज म्हणून नोंद करून घेतली असेल, तर ती भाड्याने लावता येत नाही. नोंद कशीही असली तरी लग्नाचा हंगाम संपल्यावर गाडी शेडमध्ये लावताना छत वर करून, लॅच लावून ठेवा, आणि पंधरा दिवसांतून एकदा इंजिन चालू करून छत एकवार खाली-वर करा. सीलं तेलात भिजलेली राहतात, आणि अर्थ पुन्हा गंजायला लागली असेल तर ते वळवाच्या पावसात कळण्याऐवजी शेडमध्येच कळतं.